सीलबंद डबल बास

डबल बास घ्यायचा ठरवल्यावर ओळखीच्या बहुतेक सगळ्यांनी मला एकच प्रश्न विचारला, ठेवणार कुठे? वाजवणार कसा, असं कोणीही विचारलं नाही. माझ्या वाजवण्याबद्दल लोकांना एक तर पूर्ण विश्वास असावा किंवा मुळीच आशा नसावी. यातलं खरं काय ते विचारून घ्यायचं धाडस मला झालं नाही.

ज्यांनी हे वाद्य पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. व्हायोलिन घ्यायचं, ते माणसाच्या डोक्यावरून वर जाईपर्यंत मोठं करायचं, जमिनीवर उभं करायचं आणि त्याला मागून धरून बोटांनी तारा ओढायच्या. जॅझमध्ये पियानोवाला मनाला येईल तिकडे भटकतो, ड्रमवाला त्याला डिवचत राहतो आणि बासवाला एका ठोक्याला एक पाऊल टाकत गुमान चालत असतो. ऐकणाऱ्यांना तो सहसा ऐकू येत नाही. तो थांबला की मात्र सगळ्यांना चुकल्याचुकल्यासारखं होतं. 'बास घ्यायचाय' म्हटल्यावर 'मग बास करा की' असं म्हणून हसणारे मला इतके भेटले, की हल्ली मी हसतही नाही आणि रागावतही नाही, नुसता त्या माणसाकडे बघून ठेवतो.

आमचं त्रिकूट दर रविवारी दातांच्या डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये जमतं. डॉक्टर पियानो वाजवतात. तो त्यांनी दवाखान्यातच ठेवलाय, कारण घरी त्यांच्या आईला तो चालत नाही. ड्रमवर निवृत्त पोस्टमास्तर आहेत. आयुष्यभर टपालावर शिक्के मारल्यामुळे त्यांचा उजवा हात अजूनही नेमका पडतो. आणि बासवर मी.

मी विमा कंपन्यांसाठी सर्व्हेयरचं काम करतो. कुणाचं दुकान जळलं, गोदामात पाणी शिरलं, गाडी खांबावर आदळली, की मी टॉर्च आणि टेप घेऊन जातो आणि नुकसान खरोखर किती झालं ते ठरवतो. मी दारात दिसलो की लोकांचे चेहरे पडतात. चहा विचारतात, तोही जपून. माझ्या येण्याने कुणाला बरं वाटलं, असं माझ्या नोकरीत कधी घडलेलं नाही. रविवारी मात्र मी दवाखान्याचं दार ढकललं की डॉक्टर म्हणायचे, "आले. चला, सुरू करू." एवढ्या एका वाक्यासाठी मी आठवडाभर जळकी दुकानं बघत फिरायचो. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. घरच्यांची समजूत अशी होती, की मला संगीताची आवड आहे.

मी वाजवायचो तो बास मुळात डॉक्टरांच्या मेहुण्याचा. बदली झाली तेव्हा तो दवाखान्यात ठेवून गेला होता आणि त्याच्यावरच मी शिकत होतो. मग मेहुण्याची पुन्हा बदली झाली, या वेळी इकडेच, आणि एका संध्याकाळी येऊन तो बास घेऊन गेला. पुढच्या रविवारी मी पोचलो तेव्हा कोपऱ्यात फरशीवर बासच्या टोकाचा ओरखडा तेवढा राहिला होता.

"घाई अजिबात नाही," डॉक्टर म्हणाले. दाढ काढायच्या आधी ते याच आवाजात बोलतात. "फक्त पोहण्याच्या क्लबाचा कार्यक्रम पुढच्या महिन्यात आहे. तोपर्यंत तुमचं वाद्य आलं तर उत्तमच. नाहीतर कोपऱ्यावरचे औषधवाले आहेत. त्यांच्याकडे इलेक्ट्रिक बास आहे. गिटारसारखाच असतो, खांद्याला अडकवून येतात."

"तात्पुरते," पोस्टमास्तर घाईघाईने म्हणाले.

तात्पुरत्या गोष्टींचं पुढे काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. आमच्या ऑफिसात एक तात्पुरतं कपाट मी नोकरीला लागलो तेव्हापासून दारात उभं आहे. त्या दिवशी घरी जाताना मी मुद्दाम औषधांच्या दुकानावरून गेलो. औषधवाले गिऱ्हाइकाला गोळ्या देताना बोटांनी काउंटरवर ठेका धरत होते. ठेका बरा होता. मला त्या दिवसापासून जेवण जाईना.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि माझीच टेप घेऊन हॉलचा कोपरा मोजला.

"अहो, हा उभा असणार की आडवा?"

"वाजवताना उभा. एरवी आडवा."

"म्हणजे तुमच्या भावासारखा," ती म्हणाली आणि टेप गुंडाळून ठेवली. ही तिची संमती होती, असं मी धरून चाललो.

खरी अडचण काकांची होती. काका म्हणजे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, निवृत्त इंजिनिअर. त्यांनी नोकरीत काय बांधलं ते कुणालाच माहीत नाही, पण आमच्या इमारतीत त्यांना विचारल्याशिवाय भिंतीत खिळा जात नाही.

"आधी मला सांगा, हे सामान आहे की माणसाच्या हातातली वस्तू?" काकांनी विचारलं. "लिफ्टमध्ये छत्री चालते, पिशवी चालते. कपाट चालत नाही."

"वाद्य आहे, काका."

"बासरीही वाद्यच असते. उंची सांगा."

मी उंची सांगितली. काकांनी डोळे मिटून हिशेब केला.

"सामान. समितीची परवानगी लागेल. समिती महिनाअखेरीस बसते."

"समितीत कोण कोण आहे सध्या?"

"सध्या मीच. बाकीचे येत नाहीत. पण म्हणून मी काही महिनाअखेरीच्या आधी बसू शकत नाही." मग त्यांना माझी कीव आली असावी. "घ्यायला जाल तेव्हा मला घेऊन चला. लाकडातलं तुम्हाला काय कळणार?"

पहिला बास आम्ही पाहिला तो एका बाईंच्या घरी. शिंप्याच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. ऐन उमेदीत त्या हॉटेलातल्या बँडमध्ये बास वाजवायच्या, नंतर शाळेत संगीत शिकवून निवृत्त झाल्या. केस आखूड कापलेले, पाठ ताठ. बास खिडकीजवळ भिंतीला टेकून उभा होता. त्याचा रंग खांद्यापाशी इतका उडालेला होता, की खालचं पिवळं लाकूड दिसत होतं.

"वाजवा," बाई म्हणाल्या.

मी सगळ्यात जाड तार नुसती छेडली. आवाज आधी पायाखालच्या फळ्यांत गेला, तिथून माझ्या पोटऱ्यांत आला आणि मग पोटात. खालच्या दुकानातलं शिलाईचं मशीन थांबलं. मला एकदम गहिवरून आलं. पण गहिवर आला की मी सावध होतो, कारण माझ्या धंद्यात तो बहुतेक वेळा समोरच्याने मुद्दाम आणलेला असतो. मी खिशातून टॉर्च काढली.

पुढे जे झालं ते मी सवयीने केलं, एवढंच म्हणेन. पुढच्या फळीला जुने तडे होते, गोंदाने बुजवलेले. व्हायोलिनला असतात तशी इंग्रजी एफच्या आकाराची भोकं बासलाही असतात. त्यातून उजेड टाकला तर आत तड्यांवर लाकडाची ठिगळं दिसली. आणि त्याच्याही मागे, पुढच्या आणि पाठीमागच्या फळीच्या मध्ये, एक काठी चक्क उभी केलेली होती.

"काका, हे बघा. आतून टेकू दिलाय."

काकांनी डोळा लावला. "धोकादायक इमारतीला देतात तसाच," ते म्हणाले. "आज ना उद्या जाणार हे."

मी बाईंना एकेक दोष नीट समजावून सांगितला. दुरुस्त केलेली वस्तू म्हणजे एकदा मोडलेली वस्तू, आणि आमच्या हिशेबात तिची किंमत काय उरते, हेही सांगितलं. बाई उभ्या राहून ऐकत होत्या. मी टॉर्च बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "तुम्ही वाद्य बघायला आलात की पंचनामा करायला?"

"दोन्ही," मी म्हणालो. मला वाटलं, गंमत करतायत. बाईंनी दार उघडलं आणि ते आम्ही जिना उतरेपर्यंत उघडंच धरून ठेवलं.

दुसरा बास दुकानातला. नवाकोरा, तांबूस, चकचकीत, पुढची फळी अखंड लाकडाची, आणि अख्खं अंग पारदर्शक प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळलेलं. मी विचारलं, जरा मोकळा करून वाजवू का?

"खुशाल वाजवा, साहेब," दुकानदार म्हणाला. "पण प्लॅस्टिक काढलं की माल वापरलेला धरतात. मग परत घेता येत नाही. तुम्ही वापरलेला घ्याल का?"

हा मुद्दा बिनतोड होता. सीलबंद या शब्दाइतका गोड शब्द माझ्या धंद्यातल्या माणसाला दुसरा नाही. मी प्लॅस्टिकवरूनच तार ओढून बघितली. प्लॅस्टिकचा आवाज आला. आत टॉर्च मारली तर उजेड प्लॅस्टिकवरून माझ्याच डोळ्यांत परत आला. अंगावर मात्र कुठे साधा ओरखडा नव्हता. मी तीन वेळा प्रदक्षिणा घातली आणि कधी नव्हे ते माझ्या तोंडून "निर्दोष" असा शब्द गेला. अशा रीतीने जो ऐकला तो मी घेतला नाही, आणि जो घेतला तो ऐकला नाही.

दुकानदार बिल करायला आत गेला तेव्हा काका माझ्या कानाशी लागले. "ताणलेल्या तारा प्रवासात तुटतात. सगळ्या सैल करा."

"सगळ्या?"

"एक तुटली काय आणि चार तुटल्या काय, सारखंच की. करा सैल."

मी टाचणीने प्लॅस्टिकला वरच्या बाजूला एक बारीकशी चीर दिली, वॉरंटीला कळणार नाही अशी, आणि चारही खुंट्या ढिल्या केल्या. मग बास टेम्पोत आडवा घातला. काका पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, मी मागे त्याला मिठी मारून. पहिल्याच गतिरोधकावर तारांखालची लाकडी घोडी आडवी झाली आणि आतून टक् असा आवाज आला. त्यानंतर रस्ताभर प्रत्येक खड्ड्याला आत काहीतरी इकडून तिकडे गडगडत होतं, आणि त्याच्याबरोबर माझं काळीज.

महिनाअखेर व्हायची होती, म्हणून लिफ्ट नाही. आम्ही तो जिन्याने सहाव्या मजल्यावर नेला. मजल्यामजल्यावर दारं उघडत होती. कुणी म्हणालं डोकं आधी घ्या, कुणी म्हणालं पाय आधी घ्या. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी गुंडाळलेलं ते धूड बघून आवाज खाली आणला आणि "घरचंच कुणी का?" असं विचारलं. काका "नाही, विकत आणलाय," म्हणाले, तेव्हा त्या दार लावून घेऊन आत गेल्या.

घरात आल्यावर प्लॅस्टिक काढलं. बायकोने बास हलवून बघितला.

"अहो, आत काहीतरी राहिलंय."

आम्ही तिघांनी मिळून तो पलंगावर पालथा केला आणि हलवायला लागलो. काका दिशा सांगत होते, मी उचलत होतो, बायको भोकाखाली हात धरून बसली होती. बऱ्याच खटपटीनंतर तिच्या हातात एक काठी पडली. अंगठ्याएवढी जाड, वीतभर लांब, गोल आणि गुळगुळीत.

"पॅकिंग," काका तत्काळ म्हणाले. "वॉशिंग मशीन नवीन आणतो तेव्हा आत बोल्ट असतात की नाही? प्रवासात हलू नये म्हणून. घरी आणल्यावर काढायचे असतात. लोक काढत नाहीत आणि मग मशीन थडथडतं."

मला बाईंच्या बासमधला टेकू आठवला. तो बास खिळखिळा होता, त्याला टेकू लागत होता. या धडधाकट वाद्याला टेकू कशाला? आम्ही तिघेही बाईंच्या बासवर थोडं हसलो. काठी टाकून द्यायला बायकोचं मन होईना. स्वयंपाकघरातली खिडकी वाऱ्याने आपटायची, तिथे ती अडकवली तर अगदी मापात बसली.

घोडी उभी करून तारा ताणल्या. आवाज आला तो कपाटाच्या दारावर थाप मारल्यासारखा. नवीन आहे, रुळेल, असं मी स्वतःला सांगितलं. पण त्या दिवसापासून माझ्या जिवाला घोर लागला. ऑफिसातून आलो की चपला काढायच्या आधी मी बास बघायचो. चौथ्या दिवशी बायको म्हणाली, "याचं पोट आत गेल्यासारखं वाटतंय का?" काकांना बोलावलं. त्यांनी फळीवर पट्टी धरली, घोडीखाली खळगा पडलेला आपल्याला दिसत नाही असं दोनदा सांगितलं, आणि नवीन लाकूड बसतंय, असा निर्वाळा दिला. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला, कारण दुसरं काही मानायची माझी तयारी नव्हती.

लाकूड बसलं ते शनिवारी आम्ही जेवत असताना. हॉलमधून एखादी वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. बायकोला वाटलं फ्रीज. मी न बघताच ओळखलं. भोकापासून खालपर्यंत पुढची फळी उभी चिरली होती. मी हात न धुता टॉर्च आणली. एवढी वर्षं मी लोकांना "घाबरू नका, आपण बघू" असं म्हणत आलो होतो. ते ऐकून त्यांना किती राग येत असेल, ते मला त्या दिवशी कळलं, कारण आवाज ऐकून धावत आलेले काका तेच म्हणत होते.

दुकानदाराने वॉरंटीचं नाव काढताच बिलाबरोबर काढलेल्या विम्याकडे बोट दाखवलं, आणि विमा कंपनीने तपासणीला सर्व्हेयर पाठवला. दार उघडलं तर माझ्याच हाताखाली शिकून गेलेला तरुण.

"सर, तुम्ही?" तो म्हणाला, आणि त्याचा चेहरा पडला. मी त्याला चहा विचारला, जपूनच.

त्याने बास तपासला. टॉर्च अगदी मी शिकवली होती तशी तिरकी धरली. मग म्हणाला, "सर, आतली काठी कुठे आहे?"

"कुठली काठी?" मी विचारलं, पण माझी नजर स्वयंपाकघराकडे गेली. बायको स्वयंपाकघरात गेली. तिकडे खिडकी धाडकन आपटली आणि ती काठी घेऊन आली.

"येताना मी वाचून आलो, सर. ही नुसती टेकून उभी असते, तारांच्या दाबाने जागेवर राहते. चारही तारा एकदम सोडल्या की पडते. ती पुढच्या फळीचा भार पाठीमागच्या फळीवर नेते. ती नसेल तर सगळा भार एकट्या पुढच्या फळीवर."

"सगळ्यांना असते?"

"सगळ्यांना, सर. लहानशा व्हायोलिनलासुद्धा."

तपासणी बघायला येऊन बसलेल्या काकांना त्याच क्षणी पाण्याचा पंप बंद करायचा आहे हे आठवलं. सर्व्हेयरने खाली मान घालून अहवाल लिहिला: मालकाच्या अज्ञानामुळे झालेलं नुकसान, सबब भरपाई नाही. मी वाचला. वाईट नव्हता. फक्त 'अज्ञान' काढून 'हलगर्जीपणा' घाल असं मी त्याला सुचवलं. अज्ञानावर लोक अपील करतात, हलगर्जीपणावर सहसा करत नाहीत. त्याने माझे आभार मानले. तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिलो.

वाद्यं दुरुस्त करणाऱ्या एकाने बास ठेवून घेतला आणि गोंदाला घाई चालत नाही एवढंच सांगितलं. इकडे डॉक्टरांचा फोन आला. कार्यक्रमाआधीची शेवटची तालीम या रविवारी. औषधवाले येणार आहेत. "नुसते ऐकायला," डॉक्टर म्हणाले, त्याच दाढेच्या आवाजात. "बास घेऊनच येतील म्हणा."

मी फोन ठेवला. बायको समोर बसली.

"त्या बाईंकडे जा."

"कुठल्या तोंडाने जाऊ? त्यांच्या वाद्याचा मी पार निकाल लावून आलोय."

"मग काय झालं? पहिल्यांदा आमच्या घरी आलात तेव्हा बाबांना छताची ओल दाखवली होतीत. तरी दिलीच ना त्यांनी मुलगी?" ती चप्पल घालायला उठली. "चला, मी येते. काकांना नको."

बाईंनी दार उघडलं. मी म्हणालो, "मी. तो पंचनामावाला." पुढचं पाठ करून आलेलं सगळं विसरलो आणि काठीपासून सुरुवात केली. काठी पलंगावर कशी पडली, खिडकीत कशी बसली, फळी कशी चिरली, आणि सर्व्हेयर काय म्हणाला. गोष्ट खिडकीपाशी आल्यावर बाई हसायला लागल्या. हसताहसता त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. बायकोही हसायला लागली. मी मधे उभा होतो. मला हसू येत नव्हतं, कारण रविवार दोन दिवसांवर आला होता.

"एका दिवसापुरता द्याल का?" मी विचारलं. "रविवारी मी बासशिवाय गेलो तर पुढच्या रविवारी मला कोणी बोलावणार नाही. मला दुसरीकडे कुठे कोणी बोलावत नाही."

हे बायकोनेही पहिल्यांदाच ऐकलं. ती हसायची थांबली.

बाईंनी माझ्याकडे नीट बघितलं. "उसना मी देत नाही. जागा लागते म्हणून विकायला काढलाय, पण कुणाच्याही घरात घालायचा नाही मला. रविवारी मीच घेऊन येते. पत्ता सांगा."

मी पत्ता सांगितला आणि जिना उतरलो. खाली आल्यावर माझ्या लक्षात आलं, की बास येणार आहे एवढंच ठरलं. वाजवणार कोण, ते ठरलेलंच नाही.

रविवारी बाई टॅक्सीने आल्या, मी आणि बायकोने बास उतरवून आत आणला. औषधवाले आधीच येऊन बसले होते, मांडीवर इलेक्ट्रिक बास, चेहरा अपराधी. त्यांनी मला बघून खिशातून पित्ताची गोळी काढून दिली. मी ती घेतली. बाईंनी कोट काढून खुंटीला लावला, बास उभा केला आणि डॉक्टरांना म्हणाल्या, "घ्या, काय घेता ते."

डॉक्टरांनी सुरुवात केली आणि बाई चालायला लागल्या. मी दुसरा शब्द शोधून पाहिला, पण त्या चालतच होत्या, एका ठोक्याला एक पाऊल, आणि पियानो भटकून कुठेही गेला तरी परत आला की त्या तिथे उभ्याच असायच्या. पोस्टमास्तरांनी डोळे मिटले. डॉक्टरांच्या तोंडावर जो आनंद होता तो माझ्यासाठी कधी आलेला नव्हता. मी दातांच्या तक्त्याखाली बसून मनाशी आकडेमोड करत होतो. एका जागेसाठी आम्ही तिघं, आणि त्यात माझा नंबर तिसरा. भरीत भर म्हणजे त्यातल्या एकीला मीच पत्ता दिला होता.

गाणं संपलं. डॉक्टर उठूनच उभे राहिले. "बाई, पुढच्या शनिवारी आमचा क्लबात कार्यक्रम—"

"दुसरं घ्या," बाई म्हणाल्या.

दुसरं गाणं सुरू झालं. अर्ध्यावर एक सूर आला नाही. कुणाच्या लक्षात आलं नसेल, पण मी त्यांच्या बोटांवर नजर ठेवून होतो. पुढचाही आला नाही. उजवा हात बिनचूक तारा ओढत होता, डाव्या हाताची बोटं मात्र तारेवर नुसती पडून होती. ती दबत नव्हती. बाईंचा चेहरा तसाच होता. त्यांनी माझ्याकडे बघून हनुवटीने खूण केली.

मी उठून गेलो. "डावा हात तुमचा," त्या हळूच म्हणाल्या, आणि आपला डावा हात खाली घेतला.

मी त्यांच्या खांद्यावरून हात घालून तारा दाबायला लागलो. ओढत त्या होत्या. मी चुकीचा सूर दाबला असता तर तो त्यांच्या बोटांतून वाजला असता, आणि या भीतीने माझी मान घामाने ओली झाली. डॉक्टर मागे न बघता वाजवत होते. थोडं पुढे गेल्यावर माझ्या उजव्या हाताची बोटं दुखायला लागली, तेव्हा मला कळलं की तारा आता मीच ओढतोय. बाई केव्हा बाजूला झाल्या ते समजलंच नाही. आवाज पायांतून पोटात येत होता. गाणं मी शेवटपर्यंत नेलं.

डॉक्टर औषधवाल्यांकडे वळले. "तुम्ही शनिवारी नक्की या. पुढच्या रांगेत जागा ठेवतो." औषधवाल्यांनी इतक्या पटकन बास पिशवीत घातला, की त्यांनाही सुटल्यासारखं झालं असावं.

बाई माझ्या खुर्चीवर बसल्या होत्या. उजव्या हातात डावा हात धरून त्या बोटं चोळत होत्या.

"वर्ष झालं," त्या म्हणाल्या. "एक गाणं वाजवून होतं. दुसऱ्याला बोटं येत नाहीत. तुम्ही घाई करता. शेवटी शेवटी फार घाई केलीत."

"हो," मी म्हणालो.

"त्या दिवशी तुम्ही एकच तार वाजवलीत आणि टॉर्च काढलीत. पण त्या एका तारेला तुमचं तोंड कसं झालं होतं ते मी बघितलं होतं. म्हणून आले." त्या बासकडे वळल्या. "तडे पुन्हा बघायचे असतील तर आत्ताच बघून घ्या."

"नको," मी म्हणालो.

बायकोने मधेच विचारलं, "मग आजच न्यायचा का आमच्याकडे? टेम्पोवाल्याला सांगते."

बाईंनी उठून कोट घातला, बटणं लावायला त्यांना वेळ लागला.

"उद्या सकाळी न्या," त्या म्हणाल्या. "आजची रात्र राहू दे माझ्याकडे."

मला रडू येईल अशी भीती वाटली, म्हणून टॅक्सी बघतो असं सांगून मी बाहेर गेलो.